नदीकाठचा मुक्काम, सोबत कुत्रा: कुठे जायचं, किती मोजायचं

कॅम्पच्या जाहिरातीत तीन शब्द हमखास असतात: ‘रिव्हरसाइड’, ‘पीसफुल’ आणि ‘पेट फ्रेंडली’. तिन्ही तपासून घ्या, तेही पैसे पाठवण्याआधी. नदी म्हणून दाखवलेला ओढा फेब्रुवारीत कोरडा असतो. शांतता रात्री बारानंतर, स्पीकर बंद झाल्यावर सुरू होते. आणि कुत्र्याची सोय म्हणजे गेटजवळचा एक खांब. बहुतेक जण आधी कॅम्प पसंत करतात आणि बाकीचं तिथे पोचल्यावर कळतं. तुम्ही क्रम उलटा करा. आधी नदी ठरवा, मग गाव, कॅम्प सगळ्यात शेवटी. मुंबई किंवा पुण्याहून स्वतःच्या गाडीने, मुलं आणि कुत्रा घेऊन एका रात्रीसाठी निघायचं आहे, असं धरून पुढची माहिती दिली आहे.

कोणती नदी

सह्याद्रीतल्या बहुतेक नद्या दिवाळीनंतर आटू लागतात आणि होळीपर्यंत डबकी उरतात. ज्या वाहत्या राहतात, त्यांना वरचं धरण किंवा वीजगृह पाणी पुरवतं. म्हणून कॅम्पवाल्याला पहिला प्रश्न विचारा: या नदीत पाणी कुठून येतं आणि किती वाजता वाढतं? याचं सरळ उत्तर मिळालं नाही तर पुढचा फोन लावा.

कोलाडची कुंडलिका हे सर्वांत सोयीचं उदाहरण. मुळशी धरणाचं पाणी घाटाखाली भिरा इथल्या टाटांच्या वीजगृहात वीज करून कुंडलिकेत उतरतं. रोज सकाळी पाणी सुटतं आणि त्याच पाण्यावर तिथलं राफ्टिंग चालतं, म्हणून ऐन उन्हाळ्यातही नदी वाहती असते. मुंबईहून साधारण १२० किलोमीटर, पुण्याहून ताम्हिणी घाटाने ११० च्या आसपास. पुण्याहून येणाऱ्यांनी विळ्याहून माणगावकडे न जाता सुतारवाडीमार्गे कोलाडचा रस्ता धरायचा. तोटाही याच पाण्याचा आहे: आदल्या संध्याकाळी जिथे मुलं गुडघाभर पाण्यात उभी होती, तिथे सकाळी प्रवाह ओढून नेईल इतकं पाणी असू शकतं. तंबू पात्रातल्या वाळूवर किंवा खडकावर लावून देणारा कॅम्प ‘अगदी पाण्याला लागून’ म्हणत असेल, तरी नको. काठाच्या वर, झाडांच्या रेषेच्या मागे असलेला कॅम्प घ्या. शांतता हवी असेल तर राफ्टिंग सुरू होतं आणि संपतं त्या जागांपासून दूरचा पट्टा विचारा. त्या दोन ठिकाणी सकाळी बसगाड्या लागतात.

कर्जतची पेज दुसरी. हिलाही वरून, भिवपुरीच्या वीजगृहातून पाणी मिळतं, त्यामुळे शेजारची उल्हास डबक्यांवर आली तरी पेज वाहत असते. कर्जतमध्ये ‘रिव्हर टच’ लिहिलेली ठिकाणं ढिगाने आहेत. नदी पेज की उल्हास, एवढं विचारलंत तरी निम्मी यादी गळेल. फार्महाउसची गर्दी आणि शनिवारच्या पार्ट्या हा कर्जतचा मोठा दोष. कुटुंबाला इथे शनिवार टाळायचाच.

ठाणे-डोंबिवली-नाशिक बाजूच्या लोकांना भातसा जवळची. मुंबईला जाणारं पाणी भातसा धरणातून नदीतच सोडतात आणि खाली पिसे इथे उचलतात. त्यामुळे शहापूर-वासिंदच्या पट्ट्यात नदी बारमाही. खडवलीचा काठ मात्र सोडून द्या: लोकलने येणारी सहलींची गर्दी, फुटलेल्या बाटल्या, आणि बुडून मेल्याच्या बातम्या दरवर्षीच्या. बाटल्यांच्या काचा कुत्र्याच्या पंजात जातात तेव्हा सहल तिथेच संपते. शहापूरच्या बाजूला, गावापासून आतली शेतावरची ठिकाणं बघा. मुंबईहून नाशिक महामार्गाने जाताना पडघ्याजवळ टोल आहे, तो हिशेबात धरा.

पुणे-साताऱ्याकडून निघणाऱ्यांसाठी वाईची कृष्णा. पुण्याहून ९० किलोमीटरच्या आसपास, वाटेत खेड-शिवापूरचा टोल. सुरूर फाट्याला आत वळायचं, आणेवाडीचा टोलनाका त्याच्या पुढे राहतो. वाई ते धोम धरण या टप्प्यात शेतावरची मुक्कामाची ठिकाणं मिळतात. मेणवलीचा घाट पाहायला जा, पण तिथे देवळं आहेत आणि गर्दीही असते, कुत्रा घेऊन जायची ती जागा नव्हे. धोमच्या खाली पाणी किती असेल हे धरणातून किती सुटतंय त्यावर ठरतं, म्हणून निघायच्या दोन दिवस आधी फोन करून आजच्या नदीचा फोटो मागवा. ‘गेल्या आठवड्यातला’ चालणार नाही.

पवना, मुळशी, भाटघर यांचे काठ सुंदर आहेत, पण ते धरणाचे जलाशय, नद्या नव्हेत. पवनेचा काठ तर शनिवारी रात्री जत्रेचा असतो. शिवाय जलाशयाच्या कडेची बरीच जमीन पाटबंधारे खात्याची. तिथे लावलेले तंबू कारवाईत कधीही उठतात आणि तुमचा अॅडव्हान्स परत देणारं कोणी सापडत नाही.

इथे कुत्रा नेऊ नका

अभयारण्यात पाळीव कुत्रा नेता येत नाही. कॅम्पवाला ‘कोणी विचारत नाही’ म्हणाला तरी तपासणी नाक्यावर उभे तुम्ही असता. भंडारदऱ्याच्या रतनवाडी-साम्रद बाजूचे कॅम्प कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतात. बामणोली-तापोळ्याकडचा कोयनेचा काठ दिसतो मोकळा, पण पलीकडे कोयना अभयारण्य आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. भीमाशंकर, तानसा, सुधागड, ताम्हिणी ही नावं पत्त्यात दिसली की नकाशा काढून हद्द बघा, शंका असेल तर वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला विचारा. ताम्हिणीतून गाडी नुसती पुढे न्यायला अडचण नाही. फक्त धबधबा दिसला म्हणून कुत्र्याला घेऊन रानात उतरू नका.

मगरींच्या नद्या वेगळ्या लक्षात ठेवा: महाडची सावित्री, चिपळूणची वाशिष्ठी, सांगलीकडची कृष्णा. या तिन्हींच्या काठाला मुक्काम करायला हरकत नाही, पण कुत्र्याला पाण्यापाशी सोडायचं नाही, पाणी प्यायलासुद्धा नाही. काठावर वाकून पाणी पिणारं मध्यम आकाराचं जनावर म्हणजे मगरीचं नेहमीचं भक्ष्य.

आणि बिबट्या. जुन्नर, अकोले, मुरबाड, शहापूर, कर्जत, कुठेही असू शकतो. अकोल्याच्या शेतपट्ट्यात बिबट्याच्या विष्ठेवरून झालेल्या अभ्यासात त्याच्या आहारातला सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, कुत्र्यांचा निघाला होता. घाबरून घरी बसायला नको, पण एक नियम पक्का ठेवा: दिवस मावळला की कुत्रा पट्ट्यावर, आणि रात्री तुमच्यासोबत तंबूत किंवा खोलीत. ‘कुत्रा बाहेर बांधावा लागेल’ असं म्हणणारा कॅम्प पेट फ्रेंडली नाही. तिथे बुकिंग करू नका.

कधी

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारीअखेर. त्याआधी ऑक्टोबरचा उकाडा, नंतर मार्चचं ऊन. लॅब्रॅडॉर, हस्की, पग यांना एप्रिल-मे मध्ये तंबूत झोपवणं सरळ धोक्याचं. म्हणून त्या सुमारास काजवे पाहायला जायचं असेल तर कुत्रा घरी ठेवा. पावसाळ्यात नदीकाठचा मुक्काम नकोच: नदी न सांगता फुगते, घाटरस्ते दरडींनी बंद होतात, आणि धरण-धबधब्यांवर जिल्हाधिकाऱ्यांचे बंदी आदेश लागू असतात. जून २०२४ मध्ये लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर अशा आदेशांची अंमलबजावणी कडक झाली आहे.

वारही महत्त्वाचा. शनिवारी शांत कॅम्प नसतो, कमी गोंगाटाचा असतो. सर्वांत चांगली वेळ रविवारी दुपारी पोचून सोमवारी निघण्याची. तुम्ही आत शिरता तेव्हा सगळे बाहेर पडत असतात, नदीकाठ रिकामा असतो, आणि दरावर घासाघीस करता येते. मुलांची एक दिवसाची शाळा बुडते, ते तुम्ही घरी ठरवा. ३१ डिसेंबर, होळी-धुळवड आणि जोडून आलेल्या सुट्ट्या पूर्ण टाळा. फटाके आणि डीजे यांत भेदरलेला कुत्रा पट्टा तोडून पळतो, आणि अनोळखी रानात रात्री त्याला शोधणं काय असतं ते अनुभवायला नको.

फोनवर काय विचारायचं

शांतता तपासायची एक फुकट युक्ती: शनिवारी रात्री साडेनऊला कॅम्पला फोन करा. चौकशी काहीही करा, कान मागच्या आवाजावर ठेवा. व्यवस्थापक ‘एक मिनिट, बाहेर येतो’ म्हणाला तर उत्तर मिळालं. मग उपग्रह नकाशावर त्या जागेच्या दोन्ही काठांना आणखी कॅम्प दिसतात का ते बघा. पाण्यावरून आवाज लांब जातो, त्यामुळे समोरच्या काठावरचा स्पीकरही तुमचाच. परीक्षणं वाचताना तारे बघू नका. नवी आधी लावा आणि त्यात ‘म्युझिक’, ‘ग्रुप’, ‘नॉइज’ हे शब्द शोधा.

नंतर नेमके प्रश्न. एकूण तंबू किती? वीसच्या वर असतील तर शांततेचा विचार सोडा. बॅचलर ग्रुप घेता का? स्पीकर किती वाजता बंद होतो? कायद्याने रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला बंदी आहे, त्यामुळे ‘बारापर्यंत चालतो’ हे उत्तर म्हणजे नियम मोडतो याची कबुली. ऐन वेळी त्रास झाला तर ११२ ला कळवता येतं, पण रात्री साडेअकराला पोलीस बोलावण्यात तुमचीच झोप जाते.

कुत्र्याबद्दल ‘चालतो’ एवढ्यावर थांबू नका. जात आणि वजन सांगा, कारण काही ठिकाणी ‘पेट’ म्हणजे मांडीवर मावणारा एवढाच अर्थ असतो. तंबूच्या आत चालेल का? जेवणाच्या जागी? कॅम्पची स्वतःची कुत्री आहेत का, आणि ती मोकळी असतात का? कुंपण आहे का? नदीपर्यंत पट्ट्यावर नेता येईल अशी पायवाट आहे का, की मध्ये शेजाऱ्याचं शेत आहे? शेजारी कोंबड्या आहेत का? हा शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. तुमच्या कुत्र्याने गावठी कोंबडा धरला तर मालक सांगेल ती किंमत मोजावी लागते, आणि तो त्या गावातला सर्वांत देखणा कोंबडा असतो.

मिळालेली उत्तरं व्हॉट्सअॅपवर एका संदेशात लिहून पाठवा आणि ‘हो’ मागा. दर, माणसं, मुलांची वयं, कुत्रा, त्याचा आकार, आत झोपण्याची परवानगी, डिपॉझिट. पोचल्यावर ‘ते आमच्या पार्टनरने सांगितलं असेल’ हे वाक्य ऐकायचं नसेल तर एवढं करा.

पैसे, आणि न सांगितलेले पैसे

नदीकाठच्या साध्या कॅम्पचा दर माणशी १,००० ते २,००० रुपयांच्या दरम्यान असतो, त्यात तंबू, संध्याकाळचा चहा-भजी, रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता. संलग्न स्वच्छतागृह असलेली कॉटेज घेतली तर दोघांना ३,५०० पासून पुढे. शेतकऱ्याच्या शेतात स्वतःचा तंबू लावायचा असेल तर जागेचे तंबूमागे ३०० ते ५००, आणि घरच्या पिठलं-भाकरीच्या ताटाचे २०० ते ३०० वेगळे. मुलं लहान आणि कुत्रा मोठा असेल तर मी कॅम्पपेक्षा कृषी पर्यटनाचं नोंदणीकृत ठिकाण सुचवेन. माणसं कमी, कुंपण असतं, स्वच्छतागृह पक्कं, आणि जनावरांशी वागायची घरच्यांना सवय. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० चं, त्याखाली पर्यटन संचालनालय नोंदणी प्रमाणपत्र देतं. ते मागा. राफ्टिंग किंवा कयाकिंग करणार असाल तर साहसी पर्यटनाच्या २०२१ च्या धोरणाखालची नोंदणी वेगळी विचारा, आणि लाइफ जॅकेट मुलांच्या मापाचं आहे का तेही.

आता छुपे आकार. कुत्र्याचे काही ठिकाणी शून्य, काही ठिकाणी रात्रीला ५०० ते १,०००. त्यात त्याचं जेवण क्वचितच धरलेलं असतं. त्यावर १,००० ते २,००० चं परत मिळणारं डिपॉझिट. डिपॉझिट देताना तंबू, गादी, चादर यांचे फोटो मालकासमोर काढा, म्हणजे निघताना जुन्या डागाचे पैसे कापले जाणार नाहीत. ‘वीकेंड’ मध्ये शुक्रवार धरतात का ते विचारा. मुलांचा अर्धा दर कुठे पाचव्या वर्षापासून, कुठे आठव्या, आणि दहानंतर बहुतेक ठिकाणी पूर्ण. बार्बेक्यू ‘समाविष्ट’ असतो, पण माणशी चार तुकडेच, पुढच्या प्लेटचे पैसे. शेकोटीची लाकडं, गरम पाणी, जादा गादी, पार्किंग, बोटीची फेरी या प्रत्येकाला किंमत असू शकते. सगळ्यांचा एकच प्रश्न करा: ‘सांगितलेल्या दराच्या वर काय काय लागेल?’

जीएसटीची गंमत नीट समजून घ्या. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला किंवा तंबूला २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के कर आहे, त्याआधी तो १२ होता. बिलात अजून १२ दिसले तर थांबवा. आणि वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या, नोंदणी नसलेल्या कॅम्पला तुमच्याकडून जीएसटी घेताच येत नाही. बिलावर जीएसटी क्रमांक नसेल तर कर देऊ नका. सर्व्हिस चार्जही सक्तीचा नाही: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या सूचना तेच सांगतात आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या कायम ठेवल्या. वाद झाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

अॅडव्हान्स तीस टक्क्यांहून जास्त देऊ नका. पूर्ण रक्कम आगाऊ मागणारा, फोटो फारच देखणे असलेला आणि व्हिडिओ कॉलवर जागा दाखवायला टाळणारा, तिन्ही लक्षणं एकत्र दिसली तर ते खोटं पान समजा. यूपीआय करताना समोर येणारं खातेदाराचं नाव आणि तुम्हाला सांगितलेलं नाव जुळवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा. पहिल्या काही तासांत तक्रार गेली तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता असते.

एक हिशेब मांडून बघू. पुण्याहून कोलाड, दोन मोठी माणसं, बारा आणि आठ वर्षांची दोन मुलं, एक लॅब्रॅडॉर. जाहिरात म्हणते माणशी १,५००. बारा वर्षांच्या मुलाचे पूर्ण, आठच्या मुलीचे अर्धे, म्हणजे ५,२५०. कुत्र्याचे ७००. बार्बेक्यूच्या जादा प्लेटा ४००. जाऊन-येऊन २२० किलोमीटर, लिटरला १५ ची गाडी, १०४ रुपयांनी पेट्रोल, साधारण १,५५०. वाटेतला नाश्ता ६००. डॉक्टरांचं प्रमाणपत्र ३००, गोचिडांचं औषध ६००. एकूण ९,४००. कॅम्प जीएसटीखाली नोंदणीकृत असेल तर मुक्कामावर ५ टक्के, म्हणजे आणखी २६०-२७०. ‘सहा हजारांत होईल’ असा जो अंदाज घरी केलेला असतो, त्याच्या दीडपट ही रक्कम होते. मुंबईकरांनी द्रुतगती मार्ग धरला तर टोल मिळवा: पूर्ण अंतराचा, एका बाजूचा, कारला एप्रिल २०२३ पासून ३२० रुपये. कर्जतला जाताना पनवेल-चौक या जुन्या रस्त्याने तो वाचवता येतो. फास्टॅगचा वार्षिक पास या मार्गावर चालत नाही. मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर मात्र ऑक्टोबर २०२४ पासून कारला टोल नाही.

कागद आणि डॉक्टर

न्यायची कागदपत्रं मोजकी: लसीकरणाचं कार्ड, महापालिकेचा कुत्र्याचा परवाना असेल तर तो, प्रवासाला योग्य असल्याचं डॉक्टरांचं ताजं प्रमाणपत्र, आणि मोठ्यांची ओळखपत्रं. सगळ्यांचे फोटो मोबाइलमध्येही ठेवा, नदीकाठी रेंज जाते म्हणून ड्राइव्हवर नव्हे, गॅलरीत.

रेबीजची लस वर्षाच्या आत घेतलेली हवी. अनेक रोगांवरच्या एकत्रित लसीत लेप्टोस्पायरोसिस आहे का ते कार्डावर बघा, साचलेल्या पाण्याच्या काठी हाच आजार सर्वांत जवळचा. गोचिडांचं औषध, मानेवर टाकायचं थेंबाचं असो की गोळी, डॉक्टरांना विचारून निघायच्या दोन-तीन दिवस आधी द्या, वाटेत नाही. थेंबाचं औषध टाकल्यावर दोन दिवस अंघोळ आणि पोहणं चालत नाही, ही गोष्ट दुकानदार सांगत नाही. मादी माजावर असेल तर सहल पुढे ढकला.

रेल्वेने जायचा विचार असेल तर नियम कडक आहेत. कुत्रा सोबत न्यायचा तर वातानुकूलित प्रथम वर्गाची अख्खी कूपे किंवा केबिन तुमच्या नावावर लागते, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. टू टायर, थ्री टायर, स्लीपर, कुठेच परवानगी नाही. एका रात्रीसाठी हा खटाटोप परवडत नाही. गाडी भाड्याने घेत असाल तर ‘कुत्रा आहे’ हे ठरवतानाच सांगा, नाहीतर साफसफाईचे पाचशे रुपये शेवटी निघतात.

गाडीत बसवण्याआधी तीन तास जेवण बंद, पाणी चालू. दर दोन तासांनी थांबा, गाडीतून उतरवण्याआधी पट्टा लावा. जेवायला थांबलात तर बंद गाडीत कुत्रा ठेवू नका, डिसेंबरातल्या उन्हातही गाडी तापते. एकाने बाहेर थांबायचं, आळीपाळीने जेवायचं.

काठावर

पोचल्यावर आधी जागा बघा, सामान नंतर उतरवा. झाडांच्या बुंध्यांना अडकलेला पालापाचोळा, प्लास्टिक किती उंचीवर आहे? पूर तिथवर आला होता. तंबू त्याच्या वर हवा. दाखवलेली जागा पटली नाही तर त्याच क्षणी बदलून मागा, अंधार पडल्यावर कोणी हलवत नाही.

पाण्यात नेताना कुत्र्याला लांब दोर लावा, अंगात हार्नेस घाला. गळ्यातला पट्टा ओढला की घोट्यापर्यंतच्या पाण्यातही त्याचा श्वास अडकतो. डोहात पोहायला सोडू नका, तो बाहेर येईना म्हणून मागून माणूस उतरतो आणि बुडतो माणूस. हिरवट साय धरलेल्या साचल्या पाण्यातून लांब ठेवा: निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष कुत्र्याला काही तासांत मारू शकतं. प्यायचं पाणी घरून न्या. खाणंही. कॅम्पच्या रश्शात कांदा-लसूण असतो, आणि बार्बेक्यूची शिजलेली हाडं घशात टोचतात. शेजारच्या तंबूतल्या प्रेमळ काकांना हे आधीच सांगून ठेवा, हाड तेच टाकतात.

गावची कुत्री संध्याकाळी जेवणाच्या वासाने येतात. त्यांना हाकलू नका, खायलाही घालू नका, तुमचा कुत्रा तंबूत घ्या आणि तंबूची चेन लावा. चावाचावी झालीच तर जखम साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यात धुवा आणि लस पूर्ण असली तरी दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठा. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२, माणसांच्या रुग्णवाहिकेसाठी १०८. निघण्याआधीच जवळच्या तालुक्यातला पशुवैद्यकीय दवाखाना नकाशात जतन करून ठेवा आणि रविवारी उघडा असतो का ते विचारा. घोणस, नाग या दिवसांत काठच्या दगडांत असतात. रात्री टॉर्चशिवाय लघवीलाही न्यायचं नाही, कुत्र्याला आणि मुलांनाही. विष्ठा पिशवीत भरून परत आणा. पुढच्या वेळी तुम्हाला ‘पेट’ चालतो की नाही ते त्यावर ठरतं.

निघताना डिपॉझिट हातात घेतल्याशिवाय गाडी सुरू करू नका. ‘संध्याकाळी जीपे करतो’ याचा अर्थ तुम्हाला ठाऊक आहे.

घरी आल्यावर त्याच दिवशी गोचीड तपासा: कानांच्या आत, बोटांच्या फटीत, पट्ट्याखाली, शेपटीच्या बुडाशी. सापडला तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, रॉकेल किंवा काडी लावू नका. पुढचे तीन आठवडे लक्ष ठेवा. जेवण टाकलं, ताप आला, हिरड्या फिकट दिसल्या किंवा लघवी गडद झाली तर डॉक्टरांना ‘नदीकाठी गेलो होतो’ हे आपणहून सांगा आणि गोचीड-तापाची रक्ततपासणी करून घ्या.